'फायरफ्लाय'चा डीव्हीडी संच: वाहिनीने पिसलेला पत्त्यांचा डाव, परत लावून दिलेला

आमच्या खात्यात 'फायरफ्लाय करू नकोस' असं म्हणायची पद्धत होती. एपिसोडांचा क्रम हलवायला कुणी निघालं, की आमच्या सीनियर बाई चष्म्यावरून बघत एवढंच म्हणायच्या आणि परत आपल्या कामाला लागायच्या. मी बारा वर्षं एका वाहिनीत एफपीसी लावायचं काम केलं. कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठला एपिसोड, ब्रेक कुठे, प्रोमो कुठे, त्याचा तो तक्ता. बाईंचं ते वाक्य मी असंख्य वेळा ऐकलं, एकदा कानाआड केलं (त्याचं पुढे सांगते), पण ती मालिका मात्र कधी पाहिली नव्हती. नोकरी सुटली, हाताशी वेळ आला, तेव्हा पहिल्यांदा हा संच मागवला.

वस्तू म्हणाल तर साधी आहे. चार डिस्क, चौदा एपिसोड, डिसेंबर २००३मध्ये निघालेला संच. पहिल्या डिस्कवर तीन एपिसोड, दुसरीवर चार, तिसरीवर चार, चौथीवर तीन. सोबत कॉमेंटरी (एपिसोड चालू असताना त्याच्यावर लेखक-नट जे बोलतात ते), कापलेली दृश्यं आणि पडद्यामागचा मालमसाला. गोष्ट पाचशे वर्षांनंतरची. यादवी युद्धात हरलेल्या बाजूचा एक सार्जंट जुनाट मालवाहू यान घेऊन मिळेल ते काम करत फिरतो, त्यातलं निम्मं बेकायदा. यानात त्याच्यासकट नऊ माणसं. घोडे, पिस्तुलं, धुळीची गावं, आणि वर अवकाशयान. वाचताना खुळचट वाटतं. बघताना वाटत नाही.

आता वाहिनीने काय केलं ते. फॉक्स या अमेरिकी वाहिनीने ही मालिका २० सप्टेंबर २००२ रोजी, शुक्रवारी रात्री आठला सुरू केली. मालिकेचा कर्ता जॉस व्हेडन, त्याने पहिला एपिसोड म्हणून 'सेरेनिटी' नावाचा दोन तासांचा पायलट बनवलेला होता. वाहिनीला तो संथ वाटला, नायक फार कोरडा वाटला. तो बाजूला ठेवून त्यांनी नवा, जरा धडाकेबाज पहिला एपिसोड मागितला. व्हेडन आणि टिम मिनिअर यांनी एका वीकएंडमध्ये बसून 'द ट्रेन जॉब' लिहून दिला. मूळ पायलट लागला २० डिसेंबरला, सगळ्यात शेवटी. ज्या दिवशी प्रेक्षकांची या माणसांशी ओळख व्हायला हवी होती, त्या दिवशी मालिकेचा निरोप झाला. मधल्या एपिसोडांचीही सरमिसळ केली, ऑक्टोबरात बेसबॉलसाठी एका शुक्रवारी सुट्टी दिली, आणि तीन एपिसोड लावलेच नाहीत.

एवढं सगळं वाचून माहीत होतं. पण वाचणं वेगळं. म्हणून मी ठरवलं, हा संच दोनदा बघायचा. आधी फॉक्सने लावला त्या क्रमाने, मग डिस्कवर आहे त्या क्रमाने. एका कागदावर प्रक्षेपणाच्या तारखा लिहिल्या, पुढे डिस्कचा नंबर लिहिला, आणि सोफ्यावर बसले.

पहिली गोष्ट लक्षात आली ती अगदीच शारीरिक. नुसती ऊठबस. 'द ट्रेन जॉब' आणि 'बुशव्हॅक्ड' पहिल्या डिस्कवर. मग 'अवर मिसेस रेनॉल्ड्स' आणि 'जेन्सटाउन'साठी दुसरी. 'आउट ऑफ गॅस'साठी तिसरी. परत मागे येऊन 'शिंडिग' आणि 'सेफ'साठी दुसरी. पुन्हा 'एरियल' आणि 'वॉर स्टोरीज'साठी तिसरी. 'ऑब्जेक्ट्स इन स्पेस'साठी चौथी. आणि शेवटी 'सेरेनिटी'साठी मुकाट्याने पहिली. अकरा एपिसोडांत सहा वेळा डिस्क बदलली. सरळ क्रमाने चौदाच्या चौदा बघायला तीनदा बदलावी लागते. फॉक्सच्या प्रोग्रॅमिंग खात्याचा विक्षिप्तपणा मला गुडघ्यांत कळला.

पण खरं नुकसान कुठे झालंय ते एका खोक्यात दिसतं. पायलटमध्ये सायमन नावाचा एक श्रीमंत घरातला तरुण डॉक्टर प्रवासी म्हणून यानात चढतो. त्याच्याबरोबर एक मोठा सीलबंद खोका असतो. यानात सरकारचा एक माणूस लपलेला आहे असा कॅप्टन मालला संशय येतो आणि त्याची नजर या डॉक्टरवर जाते. गोळी सुटते, 'केली' नावाची यानाची मेकॅनिक जखमी होते. ती वाचेल की नाही हे कुणालाच माहीत नाही. अशा अवस्थेत माल तो खोका उघडतो. आत गोठवलेल्या अवस्थेत, अंगावर कपडा नसलेली, गुडघे पोटाशी घेतलेली एक मुलगी. ती डॉक्टरची बहीण, रिव्हर. पुढच्या मालिकेचा अर्धा डोलारा या एका झाकणावर उभा आहे.

आता हाच प्रसंग फॉक्सच्या क्रमाने बघा. झाकण उघडायच्या आधी दहा एपिसोड तुम्ही रिव्हरला बघितलेलं असतं. ती यानात फिरते, बडबडते, जेवते, नाचतेसुद्धा. केली मरणार का? कशी मरेल, गेल्याच आठवड्यात ती ठणठणीत होती की. पडद्यावरचा प्रत्येक माणूस श्वास रोखून उभा आणि समोर बसलेल्या मला एकच प्रश्न: पॉपकॉर्न संपले का? दोन तास लिहिलेला, दोन तास ताणलेला एपिसोड, आणि त्यातलं एकही गुपित शिल्लक नाही.

'आउट ऑफ गॅस'चंही तेच. माझ्या मते हा संचातला सर्वांत चांगला एपिसोड. कॅप्टन रक्तबंबाळ, यानात एकटा, हवा संपत आलेली, आणि गोष्ट तीन काळांत मागेपुढे जाते: आत्ता, थोड्या वेळापूर्वी, आणि ही माणसं एकेक करून यानावर कशी आली तेव्हा. असा मागे वळून बघणारा एपिसोड माणसं ओळखीची झाल्यावरच चालतो. व्हेडनच्या क्रमात तो आठवा आहे. फॉक्सने पाचवा लावला, तोही पायलट न दाखवता. म्हणजे जुनी माणसं कशी आली ते पाचव्या आठवड्यात, आणि डॉक्टर, त्याची बहीण आणि पाद्री बुक कसे आले ते अकराव्या एपिसोडात. घरातल्या मुलांची लग्नं आधी दाखवायची आणि मग बारशी.

'द ट्रेन जॉब'वर मात्र माझा राग नाही. उलट व्यवसायातली बाई म्हणून मी त्याला मनातून सलाम केला. शुक्रवारी ऑर्डर येते, सोमवारी स्क्रिप्ट हवी, आणि नऊ पात्रांची ओळख चाळीस-बेचाळीस मिनिटांत द्यायची. त्या घाईच्या खुणा दिसतात. 'तू तर माझ्याबरोबर युद्धात होतीस' छापाची माहिती एकमेकांना आधीच माहीत असलेली माणसं एकमेकांना सांगत बसतात. पण सुरुवातीचं बारमधलं भांडण आहे (खिडकीची काच होलोग्रामची असते, माणूस त्यातून आरपार बाहेर फेकला जातो) आणि शेवटी एका अडेलतट्टू गुंडाला माल ज्या शांतपणे लाथ मारून इंजिनात ढकलतो, ते बघून मी मोठ्याने हसले. या एपिसोडवर व्हेडन आणि मिनिअर यांची कॉमेंटरी आहे, ती जरूर ऐका. वाहिनीच्या दबावाखाली लिहिलेल्या प्रसंगाकडे लिहिणारा माणूस नंतर कसा बघतो, हे आमच्या क्षेत्रात सहसा कुणी माइकसमोर बोलत नाही.

आता माझा गुन्हा. आमच्याकडे एक साप्ताहिक मालिका होती. एका आठवड्यात समोरच्या वाहिनीवर मोठा सिनेमा होता, म्हणून 'दणकेबाज' एपिसोड हवा असं मीटिंगमध्ये ठरलं. मी बँकेतला (म्हणजे तयार एपिसोडांच्या साठ्यातला) सोळावा काढून अकराव्याच्या जागी लावला. टेपचं लेबल बरोबर, क्यू शीट बरोबर, एमसीआरमधून, म्हणजे प्रक्षेपणाच्या कंट्रोल रूममधून, सगळं सेकंदाबरहुकूम सुटलं. फक्त त्या एपिसोडात घरातल्या वडिलांचं मृत्युपत्र वाचलं जात होतं. पुढच्या आठवड्यात वडील चहा पीत पेपर वाचत बसले होते. बाईंनी मला काही सुनावलं नाही. एक प्रेक्षकपत्र माझ्या टेबलावर ठेवलं. त्यात एकच ओळ होती: 'बाबांची तब्येत सुधारल्याबद्दल अभिनंदन.'

त्यामुळे फॉक्समधल्या त्या अनाम माणसाबद्दल मला थोडी कणव आहे. त्याच्यासमोर दोन तासांचा संथ पायलट होता, शुक्रवारचा अवघड स्लॉट होता, आणि पहिल्याच मिनिटाला प्रेक्षक पकडा असं वरून सांगणं. शुक्रवार आठ म्हणजे अमेरिकेत तरुण लोक घराबाहेर असण्याची वेळ. तरी हा स्लॉट मारकच असतो असंही नाही. याच फॉक्सने १९९३ साली 'द एक्स-फाइल्स' शुक्रवारीच सुरू केली, नऊ वाजता, आणि तिला तिथे वाढू दिलं. ती मोठी झाल्यावर १९९६मध्ये रविवारी नेली. नऊ वर्षांत तेवढाच फरक पडला होता: थांबायची तयारी. 'फायरफ्लाय'ला सरासरी ४७ लाखांच्या आसपास प्रेक्षक मिळाले, तेव्हाच्या मानाने कमीच, आणि थांबायला कुणी तयार नव्हतं.

शुक्रवारचा विषय निघालाच आहे तर 'स्टार ट्रेक' आठवल्याशिवाय राहत नाही. १९६८ साली तिसऱ्या सीझनला एनबीसी या अमेरिकी वाहिनीने ती शुक्रवारी रात्री दहाला टाकली. जिचा प्रेक्षक कॉलेजातली पोरं, ती मालिका पोरं बाहेर हिंडत असताना. पुढच्या वर्षी बंद. मग तेच ७९ एपिसोड ठिकठिकाणच्या स्थानिक केंद्रांनी बऱ्या वेळेला पुन्हा पुन्हा लावले आणि त्यातून जे उभं राहिलं ते सगळ्यांना माहीत आहे. एपिसोडांची एक फ्रेमही बदललेली नव्हती.

त्याच वर्षी, त्याच एनबीसीने आमच्या धंद्यातला सगळ्यात गाजलेला घोळ घातला. १७ नोव्हेंबर १९६८, रविवार. न्यूयॉर्क जेट्स आणि ओकलंड रेडर्स यांचा अमेरिकन फुटबॉलचा सामना लांबला. सातला 'हाइडी' हा लहान मुलांचा सिनेमा लागायचा होता, त्याचा प्रायोजक टायमेक्सने वेळ विकत घेतलेला. जेट्स ३२-२९ असे पुढे, ६५ सेकंद बाकी. आधी ठरलं होतं त्याप्रमाणे ठोक्याला सिनेमा सुरू झाला. वरच्या साहेबांचं मत ऐन वेळी बदललं होतं, सामना चालू ठेवा म्हणून ते फोन करत होते. पण तेवढ्यात हजारो प्रेक्षकही फोन करत होते, कुणी सामना ठेवा म्हणून, कुणी सिनेमा लावा म्हणून, आणि स्विचबोर्ड बसला. साहेबांचा फोन आपल्याच कंट्रोल रूमला लागेना. उरलेल्या वेळात रेडर्सनी नऊ सेकंदांच्या अंतराने दोन टचडाउन केले आणि सामना ४३-३२ने जिंकला. देशाच्या पूर्वेकडच्या प्रेक्षकांना डोंगरातली हाइडी दिसत होती. वर अंतिम स्कोअरची पट्टी सोडली ती अपंग क्लारा चालायला लागते त्या प्रसंगावर, म्हणजे सिनेमावालेही चिडले. त्यानंतर एनबीसीने कंट्रोल रूमसाठी वेगळ्या एक्स्चेंजचा स्वतंत्र फोन घेतला. त्याला 'हाइडी फोन'च म्हणायचे. आमच्या एमसीआरमध्ये असा एक फोन होता, लाल नव्हे, मळकट पांढरा. तो का आहे हे मला बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

याच एनबीसीने २००९मध्ये जे लेनो या गप्पांच्या कार्यक्रमाच्या सूत्रधाराला आठवड्यातले पाचही दिवस रात्री दहाला बसवलं. स्वस्तात पाच तास भरतात, कागदावर फार छान दिसतं. स्थानिक केंद्रांच्या अकराच्या बातम्यांचे प्रेक्षक गळाले, केंद्रं बोंबलली, पाच महिन्यांत सगळं गुंडाळलं आणि या भानगडीत कोनन ओब्रायनने 'टुनाइट शो' हा एनबीसीचा रात्रीचा गप्पांचा कार्यक्रम सोडला. त्याच्याबद्दल इतकं लिहून झालंय की मी थांबते.

परत संचाकडे. न लावलेले तीन एपिसोड, 'ट्रॅश', 'द मेसेज' आणि 'हार्ट ऑफ गोल्ड', इथे आपापल्या जागी बसवलेत, 'खास बोनस' म्हणून कोपऱ्यात टाकलेले नाहीत, हे मला फार आवडलं. 'ट्रॅश' मजेदार आहे. 'हार्ट ऑफ गोल्ड' मला पसरट वाटला. खरं सांगायचं तर तीनातला हा एक लागला नसता तरी मला झोप लागली असती. 'द मेसेज' मात्र दोनदा पाहिला. कथा ठीकठाक आहे. पण तो शूट होत असतानाच मालिका बंद झाल्याची बातमी सेटवर आली. त्याच्या शेवटी बर्फात एक अंत्यविधी आहे, आणि ग्रेग एडमन्सनने त्या प्रसंगाला दिलेलं संगीत हा त्याचा मालिकेलाच निरोप होता. ते माहीत असताना बघितलं की त्या नटांच्या चेहऱ्यांवरचा अभिनय कुठे संपतो ते सांगता येत नाही. वाहिनीच्या तक्त्यात या एपिसोडासमोर तेव्हा काय लिहिलं असेल, मला ठाऊक आहे. आम्ही 'ड्रॉप' लिहायचो. पेन्सिलने.

दुसऱ्या फेरीला, म्हणजे सरळ क्रमाने बघताना, मी सगळं विसरून बसले होते. तिसऱ्या दिवशी संपला संच. आणि इथे एक कबुली द्यायची आहे, चाहते रागावतील. फॉक्सच्या क्रमाचा शेवट मला रडवून गेला होता, सरळ क्रमाचा नाही. 'ऑब्जेक्ट्स इन स्पेस' उत्तम आहे, पण तो शेवट म्हणून लिहिलेला नाही, मालिका पुढे चालणार या भरवशावर लिहिलाय. उलट चुकीच्या क्रमात सगळ्यात शेवटी ही माणसं पहिल्यांदा भेटतात. संशयाने एकमेकांकडे बघतात, आणि आपल्याला माहीत असतं की पुढे कोण कोणासाठी परत येणार आहे. गुपितं गेली, ताण गेला, तरी हे एक राहिलं. फॉक्सने हे ठरवून केलं असेल असं मी अजिबात म्हणत नाही.

तक्रारी. मेनू मंद आहेत आणि दर वेळी तीच धून वाजते. दुसऱ्यांदा बघताना मी आवाज बंद करून मेनूत शिरत होते. पात्रं मधूनमधून चिनीत शिव्या देतात, त्यांचं भाषांतर सबटायटलमध्ये नाही. ते मुद्दाम आहे, तरी माझी उत्सुकता भागत नाही ती नाहीच. अंधाऱ्या प्रसंगांत डीव्हीडीचं चित्र गढूळ होतं. २००८मध्ये ब्लू-रे निघाली आहे, प्लेअर असेल तर तीच घ्या. आणि घेण्याआधी मागच्या बाजूचा रीजनचा आकडा (डिस्क कुठल्या देशांतल्या प्लेअरवर चालते तो) बघा. माझ्या पहिल्या प्लेअरने डिस्क आत घेतली, थोडा वेळ गुरगुरला आणि बाहेर काढून दिली. पडदाभर रुंद चित्र आहे ही जमेची बाजू, कारण बरेच प्रसंग पडद्याच्या दोन टोकांना दोन माणसं ठेवून रचलेत. अवकाशातल्या बाहेरच्या दृश्यांना आवाज नाही, तेव्हा टीव्ही बिघडला म्हणून कुणी रिमोट आपटू नका.

पडद्यामागच्या भागांत यानाच्या सेटची सैर चुकवू नका. यानाचा प्रत्येक मजला सलग बांधला होता, त्यामुळे कॅमेरा खोलीतून खोलीत न थांबता जातो. कॉमेंटरी बहुतेक चांगल्या आहेत. 'वॉर स्टोरीज'वरची नेथन फिलियन आणि ॲलन ट्यूडिक या मालिकेतल्या नटांची ऐकताना प्रसंगाकडे लक्ष राहत नाही, दोघं नुसते खिदळतात.

याच संचाच्या खपाच्या जोरावर पुढे २००५मध्ये वेगळ्या कंपनीने, युनिव्हर्सलने, या माणसांचा सिनेमा काढला. त्याच वर्षी साय-फाय वाहिनीने मालिका सरळ क्रमाने लावली. तक्ता लावायला काही विशेष अक्कल लागली नसणार. क्रम डिस्कवर छापलेलाच होता.

माझ्याकडून पाचांपैकी साडेचार. अर्धा मेनूच्या धुनीसाठी कापला.

प्रक्षेपणाच्या तारखांचा माझा तो कागद अजून खोक्यात आहे. संच कुणाला उसना दिला तर आधी तो काढून घेते. फक्त एकदा राहिला. भाचीने फोन करून विचारलं, 'आत्या, या यादीप्रमाणे बघायचं का?' मी चष्म्यावरून बघितलं, पण फोनवर ते तिला दिसणार कसं.